भंगारातल्या रीळचं कुत्रं

भंडाऱ्याच्या बाजारात भंगारवाल्याकडे काळी, जाम झालेली रीळ दिसली. ‘पतंगाची चक्री हाय भाऊ,’ म्हणाला. घरी घासली तर ‘फ्लूगर मेडलिस्ट’, ‘अ‍ॅक्रन’ अन् १४९४ ही अक्षरं निघाली. म्हणजे अमेरिकेतल्या ओहायोची, फ्लाय फिशिंगची (हलक्या नकली माशीचा गळ टाकून मासे धरायची) रीळ! याच घराण्यात नंबरापुढं ½ असेल तर चकती रुंद असते.

जुनं ग्रीस डिंकासारखं घट्ट झालं होतं. रात्रभर रॉकेलमध्ये ठेवली, मग शिलाई मशीनचं तेल दिलं. सँडपेपर लावू नका, काळा रंग जातो. (माझा एका कोपऱ्यात गेलाच.)

मला डाव्या हातानं गुंडाळायची सवय. पण तशी फिरवली की ब्रेक नेमका गुंडाळतानाच लागे, अन् दोरी ओढली की सुसाट सुटे. आत सायकलच्या फ्रीव्हीलसारखं कुत्रं (दात्यात अडकणारी छोटी खीळ) असतं, ते उलटून बसवलं. दोरी घासू नये म्हणून असलेला खांबही दुसऱ्या बाजूला हलवला. स्प्रिंग एकदा उडून थेट गव्हाच्या कोठीखाली गेली, अर्धा तास शोधली.

काल मालगुजारी तलावावर नेली. ढिवर (मासेमार) काका कटकट आवाज ऐकून म्हणाले, ‘मासोळी पकडतं का घड्याळाला चावी देतं रे?’