दारात कुत्र्या-मांजरासाठी झडप कशी बसवावी

या कामात करवत चालवणं सोपं; बिघडतं ते त्याआधी, मापात. कुत्रा डोकं खाली घालून झडपेतून जातो, म्हणून उंची खांद्याची मोजायची. जमिनीपासून खांद्यापर्यंत, जमिनीपासून पोटापर्यंत आणि अंगाचा सगळ्यात रुंद भाग अशी तीन मापं घ्या. झडपेची वरची कड खांद्याच्या ३ ते ५ सेंमी वर, खालची कड पोटाच्या पातळीला किंवा थोडी खाली, आणि रुंदी अंगापेक्षा निदान ५ सेंमी जास्त हवी. पिल्लाच्या बाबतीत पूर्ण वाढ झाल्यावरचं माप धरा. म्हाताऱ्या प्राण्याला पाय उचलणं जड जातं, त्याच्यासाठी खालची कड आणखी खाली घ्या. शंका असेल तर पुठ्ठ्यात तेवढं भोक पाडून उघड्या दारात उभं करा आणि त्याला जाऊन-येऊन पाहू द्या.

आता दार पाहा. भरीव लाकडी दार सगळ्यात सोयीचं. फ्लश दार (दोन्ही बाजूंनी सपाट प्लायचं) ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर कडेची लाकडी चौकट सोडून आत फारसं काही नसतं. तळाची आडवी पट्टी कापू नका, दार कमकुवत होईल. पॅनेलच्या दारात मधली फळी कडेच्या पट्ट्यांपेक्षा पातळ असते. झडपेची चौकट दोन्हींवर येत असेल तर पातळ पट्ट्या लावून आधी पातळी सारखी करा. दारात टफन्ड (तापवून कडक केलेली) काच असेल तर ती कापता येत नाही, तिचा चुरा होतो. आगरोधक दाराला भोक पाडू नका. आणि भोकातून हात घालून कडी काढता येणार नाही, इतकं अंतर ठेवाच.

१. दार बिजागऱ्यांवरून उतरवून आडवं ठेवा. झडपेसोबतचा कागदी फर्मा दाराच्या खालच्या कडेला समांतर चिकटवा. कापायच्या रेषेवर मास्किंग टेप लावून त्यावर खूण करा.

२. चारही कोपऱ्यांत, रेषेच्या आतल्या बाजूला, १० ते १२ मिमीची भोकं पाडा. बिटचं टोक पलीकडे दिसताच थांबा आणि उरलेलं उलट बाजूनं पाडा, म्हणजे ढलपे निघत नाहीत.

३. बारीक दातांच्या ब्लेडनं जिगसॉ (उभ्या ब्लेडची विजेची करवत) हळू चालवा. साधी ब्लेड वर येताना कापते, त्यामुळे चिरफळ्या वरच्या बाजूला उडतात. दर्शनी बाजू खाली ठेवा. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. शेवटची कड कापताना तुकड्याला खालून आधार द्या, नाहीतर तो स्वतःच्या वजनानं तुटून कोपरा फाडतो.

४. पोकळ दार असेल तर दोन्ही बाजूंच्या प्लायमधल्या जागेत बसतील अशा लाकडी पट्ट्या गोंद लावून भोकाभोवती भरा. ही पायरी टाळली की स्क्रू आवळताना दार आत दबतं. कापलेल्या कडा घासून त्यांना प्रायमर द्या. उघडं लाकूड पाणी पिऊन फुगतं.

५. चौकट बसवून स्क्रू हातानं, समोरासमोरच्या जोडीनं, थोडे थोडे आवळा. जास्त आवळले की चौकट वाकते आणि झडप घासते. बाहेरून वरच्या आणि दोन्ही उभ्या कडांना सिलिकॉन लावा. खालची कड मोकळी सोडा, आत शिरलेलं पाणी तिथून निघून जातं.

पहिले काही दिवस झडप टेपनं पूर्ण वर धरून ठेवा, मग अर्धी उतरवा. पलीकडून खाऊ दाखवून बोलवा. ढकलून आत घालू नका. झडप अंगावर आपटली की भित्रा प्राणी तिच्या जवळही जात नाही.