डबा घेताना आधी तळ बघा

प्लास्टिकचा डबा घेताना तो उलटा करा. त्रिकोणातला आकडा प्लास्टिकचा प्रकार सांगतो. गरम भाजी-आमटीसाठी 5, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन घ्यावं. ते साधारण 160 अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे वाफाळत्या आमटीनं वितळत नाही. 1 आकड्याची पाण्याची बाटली म्हणजे पेट (PET) नावाचं प्लास्टिक. ती 70-80 अंशांतच मऊ पडून आक्रसते, तेव्हा तिच्यात कढत पाणी नको.

तळाच्या मधोमध हाताला लागणारं टिंब असेल, तर माल बहुधा इंजेक्शन मोल्डिंगचा: वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबानं शिरलं ती ही जागा. बादल्या, टब, मग असेच बनतात. तेलाच्या कॅनला तळाशी आडवी शिवण दिसते. तिथं साच्यानं मऊ नळी चिमटून बंद केलेली असते आणि मग आत हवा भरून फुगवलेली असते. जुना कॅन पुन्हा वापरायचा, तर पाणी भरून ही शिवण आधी तपासा.

तडकलेल्या बादलीवर झटपट चिकटणारा गोंद टिकत नाही. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन त्याला नीट धरतच नाहीत. त्याच आकड्याच्या प्लास्टिकची पट्टी तापल्या सोल्डरिंग गननं वितळवून सांधा भरा, खिडक्या उघड्या ठेवून. कुकरच्या काळ्या बॅकेलाइट मुठीवर मात्र हा प्रयोग नको. ते प्लास्टिक एकदा साच्यात घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, नुसतं करपतं. सरळ नवी मूठ आणा.