जुनी सिस्टीम बंद करण्याआधी

सॉफ्टवेअरच्या धंद्यात मी शिरले ती सपोर्टच्या फोनवर बसून. मग प्रोग्रॅमिंग केलं, टीम सांभाळली, आणि आता एका कंपनीचा तंत्रज्ञान विभाग माझ्याकडे आहे. आतापर्यंत चार सिस्टीम बंद केल्या. दोन नीट झाल्या, एक कशीबशी, आणि चौथीने तीन आठवडे झोप उडवली. नवी सिस्टीम कशी उभी करायची हे सांगणारे पायलीला पन्नास भेटतात. जुनी कशी मिटवायची, ते मात्र ज्याचं त्याने ठेचकाळत शिकायचं. माझ्या ठेचा खाली देते आहे.

पहिलं काम म्हणजे ग्राहकाच्या शेजारी खुर्ची ओढून बसा. मीटिंगमध्ये नव्हे, त्याच्या टेबलापाशी. आणि तिथल्या साहेबांपाशी तर नकोच, दिवसभर ती स्क्रीन जे वापरतात त्यांच्यापाशी. तासभर काही विचारू नका, नुसतं बघा.

मी एकदा ऑर्डर नोंदवणाऱ्या एका बाईंच्या मागे अशी बसले होते. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, माऊसचा संबंध नाही. आमची नवी स्क्रीन तयार होती, छान रंग, ड्रॉपडाउन, सगळं. बाईंनी फोन खांद्याने कानाशी दाबला होता, नजर समोरच्या कागदावर होती, आणि बोटं आपली चालली होती: टॅब, टॅब, चार आकडे, एंटर, एफ-सहा. एक नोंद अकरा सेकंदांत. स्क्रीनकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. परत आल्यावर तीच नोंद मी आमच्या नव्या स्क्रीनवर करून पाहिली. चाळीस सेकंद. त्या दिवसाला तीनशे नोंदी करत होत्या, म्हणजे रोजचे जवळजवळ अडीच तास आम्ही त्यांच्याकडून काढून घेणार होतो, आणि वर त्याला सुधारणा म्हणणार होतो.

त्यांच्या मॉनिटरच्या कडेला पिवळा पडलेला एक कागद चिकटवलेला होता. त्यावर पेन्सिलीने लिहिलेलं: ‘९९ टाका, मग रद्द होते’. हे ९९ आमच्या कुठल्याच कागदपत्रांत नव्हतं. कधीतरी कुणीतरी चाचणीसाठी ठेवलेला कोड काढायचा राहून गेला होता, आणि ऑर्डर रद्द करण्याचा तोच रुळलेला रस्ता झाला होता. हायरम राइट या अभियंत्याच्या नावाने आमच्या क्षेत्रात एक नियम सांगतात: वापरणारे पुरेसे वाढले की तुम्ही काय कबूल केलं होतं याला किंमत राहत नाही, सिस्टीम जशी जशी वागते, त्या प्रत्येक वागण्यावर कुणीतरी विसंबलेलं असतं. मला तो नियम नीट कळला तो त्या पिवळ्या कागदापाशी.

त्यामुळे यादी करताना ‘सिस्टीममध्ये काय काय आहे’ हे लिहू नका, ‘लोक तिच्याकडून काय काय करून घेतात’ हे लिहा. दोन्ही याद्या सारख्या निघाल्या तर तुम्ही पुरेसा वेळ बसला नाहीत.

लॉग, म्हणजे सिस्टीममध्ये कधी काय वापरलं गेलं याच्या नोंदी, बघा, पण पुरेसे मागे जाऊन. माझी झोप उडाली ती इथेच. आम्ही ९० दिवसांचे लॉग काढले, ज्या रिपोर्टांना एकदाही हात लागला नव्हता ते वगळले आणि खुशीत पुढे गेलो. त्यातला एक रिपोर्ट वर्षातून एकदाच लागायचा, वर्षअखेरीचे हिशेब जुळवताना. तो ज्या दिवशी हवा होता त्या दिवशी आमच्याकडे नव्हता, आणि जुना सर्व्हर पुसून झाला होता. आमच्या चार माणसांनी तीन आठवडे बसून बॅकअपमधून तो हाताने पुन्हा बनवला. आता मी सलग तेरा महिन्यांचे लॉग मागते. बाराचे नाही, कारण हिशेब लांबतात.

आता तुमच्या स्वतःच्या माणसांविषयी. जुनी सिस्टीम कुणीतरी रोज जिवंत ठेवलेली असते. आमच्याकडे असे एक ज्येष्ठ सहकारी होते. नव्या प्रकल्पाची बातमी त्यांना कॅन्टीनमध्ये कळली. ही चूक माझी. पुढचे दोन महिने ते विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचे, न विचारलेल्याचं नाही. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. पुढच्या खेपेला मी आधी त्यांच्याकडे गेले, आणि दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या: बंद झाल्यावर तुमचं काम काय असेल, आणि नव्या रचनेतला कुठला निर्णय तुमच्या सहीशिवाय होणार नाही. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची. नुसती नोकरीची हमी दिली की माणूस थांबतो, पण गप्प राहतो. शिवाय ‘लेगसी टीम’, म्हणजे जुन्या सिस्टीमची टीम, हे नाव वापरू नका. आपल्या नावातच भूतकाळ लिहिलेला कुणाला आवडेल?

हल्ली जुना कोड एआयला वाचायला देतात. आम्हीही देतो. कोडमधलं कुठलं फंक्शन डेटाच्या कुठल्या टेबलाला हात लावतं हे तो पटकन सांगतो, त्यात आठवडे वाचतात. पण बाई ९९ का टाकतात, हे कोडमध्ये लिहिलेलंच नाही. ते विचारायला माणूसच पाठवावा लागतो.

बंद करायची तारीख ठरवताना उदार व्हा आणि मग हटू नका. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची तिसरी आवृत्ती, पायथन ३, डिसेंबर २००८ मध्ये आली. पायथन २ चा आधार आधी २०१५ मध्ये थांबवायचा होता, तो पुढे ढकलून १ जानेवारी २०२० केला. जगभरातल्या प्रोग्रॅमरांना, म्हणजे ज्यांचं कामच बदल करणं आहे त्यांना, अकरा वर्षं लागली. तुमच्या ग्राहकाला तर त्याचा धंदा सांभाळून हे करायचं आहे. तारीख कळवणाऱ्या पत्रात नव्या सुविधांचं कौतुक नको. त्याचं काय मोडणार, कधी मोडणार आणि फोन कुणाला करायचा, हे पहिल्या तीन ओळींत यावं. आणि पत्र शुक्रवारी संध्याकाळी पाठवू नका. मी पाठवलं आहे.

सगळ्यांना एका शनिवार-रविवारात हलवायचा मोह होतो. २०१८ च्या एप्रिलमध्ये टीएसबी या ब्रिटिश बँकेने पन्नास लाखांहून अधिक ग्राहक असे एकदम नव्या सिस्टीमवर नेले. लाखोंना स्वतःचंच खातं उघडता येईना. आधी पंधरा-वीस ग्राहक हलवा. सगळ्यात गोड बोलणारे नकोत, सगळ्यात किरकिरे निवडा. ते फुकट चाचणी करून देतात.

आणि जे मेलं आहे ते खरंच काढा. नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर व्यवहार कंपनीत वर्षानुवर्षं न वापरलेला कोड तसाच पडून होता. नव्या कामासाठी त्यांनी जुनाच फ्लॅग, म्हणजे कोड चालू-बंद करणारी खूण, वापरला, आणि आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला. १ ऑगस्ट २०१२ ला बाजार उघडताच त्या सर्व्हरवरचा जुना कोड जागा झाला. पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून अधिक बुडाले. बाजार उघडण्याआधीच त्यांच्या सिस्टीमने या गडबडीचे ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना धाडले होते. ते इशारे म्हणून कुणी वाचलेच नाहीत. माझ्या टीमला मी हा आकडा कोडच्या भागापेक्षा जास्त वेळा ऐकवते.

प्रत्यक्ष बंद करायच्या महिनाभर आधी, कामाच्या दिवशी, भर दुपारी सिस्टीम एक तास बंद ठेवा. पुसू नका, फक्त बंद. आधी कळवलेलं असूनही कोण फोन करतं ते लिहून घ्या. ज्यांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं असे दोघे-तिघे निघतातच. आमच्या वेळी पहिला फोन आमच्याच वरच्या मजल्यावरून आला, पगाराचं काम बघणाऱ्यांचा. त्यांची एक एक्सेल फाइल रोज सकाळी त्या सर्व्हरवरून आकडे ओढत होती.

शेवटचा दिवस. त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनाच मी बंद करायला सांगितलं. सगळी टीम त्यांच्या खुर्चीमागे उभी. त्यांनी कमांड टाइप केली, एंटरवर बोट ठेवलं आणि मागे वळून विचारलं, “रात्री दोनला आपोआप चालणारा जो जॉब इथून फाइल उचलतो, तो कुणी काढला का?”

कुणीच काढला नव्हता. त्यांनी कमांड खोडली, आम्ही सगळे आपापल्या जागी जाऊन बसलो, आणि सिस्टीम दुसऱ्या दिवशी दुपारी बंद झाली.