चर्चच्या दाराला कुलूप का सापडतं? इटलीतली छोटी गावं फिरताना या चुका टाळा

दुपारचे बारा चाळीस. उंब्रियातल्या एका डोंगरी गावाचा चढ धापा टाकत चढून आम्ही चर्चपाशी पोचलो, तर दाराला भलंमोठं कुलूप. आत्या म्हणाली, "देवाचं दार बंद कसं?" मग तिचं तिलाच आठवलं, गावाकडचा गाभाराही दुपारी बंदच असतो. साडेतीनला दार उघडलं, तोवर आमची परतीची बस निघून गेली होती. दोन्ही चुका आमच्याच, आणि बहुतेकांच्या याच होतात.

दुपारी पोचू नका

रोम-फ्लॉरेन्सची सवय घेऊन लहान गावात गेलात की फसलात. इथे साधारण साडेबारा ते तीन-साडेतीन सगळं बंद. पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको. दारावर 'ओरारिओ' लिहिलेला कागद असतो, त्यावर वेळा असतात. हिवाळ्यात संध्याकाळीही लवकर बंद होतं. जुनं संकेतस्थळ काय म्हणतं त्यापेक्षा दारावरचा कागद खरा मानावा.

रविवारी सकाळी दार उघडं असतं, पण ते तुमच्यासाठी नसतं. आत 'मेस्सा' चालू असते. वसईकडचा मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, तो हाच. अशा वेळी मागच्या बाकावर शांत बसा, कॅमेरा पिशवीत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. एक ओढणी जवळ असली की भागतं.

दार अवेळी बंद दिसलं तर लगेच माघारी फिरू नका. शेजारच्या बारमध्ये, म्हणजे तिकडच्या कॉफीच्या टपरीवर, 'ला क्याव्हे?' (किल्ली?) एवढं विचारून पाहा. लहान चर्चची किल्ली पुष्कळदा जवळपासच्याच कुणाकडे असते. दार उघडून देणाऱ्याचा वेळ खाऊ नका आणि दानपेटीत काही टाकायला विसरू नका.

'फेरिआले' म्हणजे सुट्टी नव्हे

आमची दुसरी बस चुकली ती या शब्दामुळे. 'फेरिए' म्हणजे सुट्ट्या, हे कुठेतरी वाचलेलं. म्हणून वेळापत्रकातलं 'फेरिआले' म्हणजे सुट्टीचा दिवस, असा सोयीस्कर अर्थ लावला. अर्थ नेमका उलटा: सोमवार ते शनिवार, कामाचे दिवस. रविवार आणि सणासुदीसाठी 'फेस्तिव्हो'. आणि 'स्कोलास्तिको' लिहिलेली बस फक्त शाळा चालू असतानाच धावते, म्हणजे ऑगस्टमध्ये तिची वाट पाहत बसू नये. उंब्रियातलीच दोन गावं घ्या: स्पेल्लोला असिसी-फोलिन्यो मार्गावरचं रेल्वे स्टेशन आहे. मोंतेफाल्कोला नाही, तिथे फोलिन्योहून बसने जायचं. रविवारी मोंतेफाल्को ठेवायचंच असेल तर परतीचं आधी बघा.

नावांचा घोटाळा

आपल्याकडे कॉन्व्हेंट म्हटलं की इंग्रजी शाळा डोळ्यांपुढे येते, फार तर सिस्टर्सचा मठ. इटालियन 'कॉन्व्हेंतो' बहुधा पुरुषांचा असतो: फ्रान्सिस्कन, डोमिनिकन अशा भिक्षाव्रती संघांचा, लोकवस्तीत किंवा तिच्या लगत. नन्स राहतात ते बहुतेक 'मोनास्तेरो'. त्यावर 'क्लाउसुरा' असा शब्द दिसला तर आतल्या भगिनी बाहेरच्यांना भेटत नाहीत. तिथे फार तर जाळीआडून किंवा फिरत्या लाकडी कपाटातून देवाणघेवाण होते. 'आतून बघू द्या' असा आग्रह तिथे धरू नये.

पण अनेक कॉन्व्हेंतोंमध्ये आज एकही साधू नाही. 1866 च्या कायद्याने इटलीच्या नव्या राज्याने धार्मिक संघ बरखास्त केले. इमारती सरकारकडे आणि नगरपालिकांकडे गेल्या, त्यांच्या शाळा झाल्या, बराकी झाल्या, तुरुंग झाले. मोंतेफाल्कोचं सान फ्रांचेस्को चर्च आता नगरपालिकेचं संग्रहालय आहे. तिथे तिकीट लागतं, वेळाही संग्रहालयाच्या. 'चर्चला कसलं तिकीट' म्हणून दारातून परत फिरलेले लोक मी पाहिलेत. त्यांनी काय घालवलं? चित्रकार बेनोत्सो गोत्सोलीने 1452 मध्ये पुऱ्या केलेल्या भित्तिचित्रांत असिसीच्या संत फ्रान्सिसचं अख्खं चरित्र आहे. पक्ष्यांना उपदेश आहे आणि त्याच दृश्यात खुद्द मोंतेफाल्को गावही रंगवलेलं आहे. चित्रातलं गाव बघायचं आणि बाहेर पडून तेच गाव बघायचं, ही मजा वेगळीच.

याच गावात आणखी एक गल्लत होते. इथली सांता क्यारा (संत क्लारा) म्हणजे असिसीची सांता क्यारा नव्हे. असिसीची क्लारा (मृत्यू 1253) फ्रान्सिसची सहकारी, क्लारिस भगिनींची संस्थापिका. मोंतेफाल्कोची क्लारा ऑगस्टीनियन या वेगळ्या संघाची, 1308 मध्ये वारली. तिच्या हृदयात क्रुसाची खूण सापडली अशी श्रद्धा आहे आणि ते हृदय आजही जपलेलं आहे. दोघींची नावं एक म्हणून एकीच्या दारात दुसरीची गोष्ट सांगू नका. आमच्या गटातल्या एका काकांनी ती सांगितली होती, अगदी रंगवून.

नावावर जाऊ नका, चित्र आता कुठे आहे ते बघा

चित्रकार राफाएलची 'फोलिन्योची मॅडोना' फोलिन्योत नाही. तिथल्या सांत आन्नाच्या मठात ती दोनशेहून जास्त वर्षं होती. 1797 मध्ये फ्रेंचांनी पॅरिसला नेली, आणि परत आली ती व्हॅटिकनमध्ये. ज्या क्रुसासमोर फ्रान्सिसला हाक ऐकू आली अशी कथा आहे, तो असिसीजवळच्या सान दामिआनो चर्चचा क्रूसही सान दामिआनोत नाही. तिथे प्रतिकृती आहे; मूळ क्रूस असिसीच्या सांता क्यारा बॅसिलिकेत.

अंधारात डोकावून परतू नका

आत मिट्ट काळोख दिसला की लोक दोन मिनिटांत बाहेर. भिंतीवर एक पेटी शोधा. त्यात युरोची नाणी टाकली की काही मिनिटं दिवे लागतात. नोट चालत नाही, म्हणून आदल्या दिवसापासून सुटी नाणी साठवा. फ्लॅश मात्र नाहीच.

चित्रं 'मळलेली' दिसली तर रंगांचाही विचार करा. ओल्या चुन्यावर घातलेला रंग भिंतीत मुरतो, पण महागडा निळा बहुधा सुक्या भिंतीवर डिंका-सरसाने चढवत, तो पापुद्र्यासारखा सुटतो. असिसीच्या दुमजली सान फ्रांचेस्को बॅसिलिकेच्या वरच्या चर्चमध्ये चित्रकार चिमाबुएची चित्रं फोटोच्या निगेटिव्हसारखी वाटतात, कारण त्यातलं शिशाचं पांढरं काळवंडलंय.

आणि सावकाश बघा. स्पेल्लोच्या सांता मारिया माज्जोरेमध्ये बाल्योनी घराण्याचं छोटं दालन आहे. चित्रकार पिंतुरिक्क्योने ते 1500-1501 मध्ये रंगवलं. छतावर सिबिल, म्हणजे प्राचीन काळच्या भविष्य सांगणाऱ्या स्त्रिया, भिंतींवर तीन मोठी दृश्यं. देवदूत मेरीला शुभवार्ता सांगतो त्या दृश्यात एका फळीखाली चौकटीतलं छोटंसं चित्र टांगलेलं दिसतं, खाली नावाची पाटी. तो स्वतः चित्रकार! बहुतेकांची मान वर असते, त्यामुळे तो सुटतो. पायाखालची, देरुता या कुंभारकामाच्या गावची रंगीत फरशी 1566 ची, तीही सुटते. छोटी दुर्बीण असेल तर जरूर न्या.

मठात मुक्काम करताना

अनेक मठांत पाहुण्यांसाठी खोल्या असतात, त्याला 'फोरेस्तेरिआ' म्हणतात. स्वच्छ, साध्या आणि पुष्कळदा हॉटेलपेक्षा स्वस्त. हॉटेलच्या अपेक्षा ठेवून गेलात तर चिडचिड होईल: जोडप्याला दोन वेगळे पलंग मिळू शकतात, टीव्ही नसेल, कार्ड चालेलच असं नाही. बुकिंग करतानाच रात्री दार किती वाजता लागतं ते विचारा, आणि जेवायला बाहेर पडताना ती वेळ पुन्हा एकदा विचारून घ्या. साडेदहाला लागणारं दार पावणेअकराला वाजवलं तर आत कुणी जागं असेलच असं नाही.