जीटीसाठी पॉपर फ्लाय: बांधणीपासून मासा सोडेपर्यंत

जायंट ट्रेव्हली, म्हणजे जीटी. गोव्यात ज्यांना कोंकर म्हणतात त्या माशांमधला हा सगळ्यात दांडगा. गळाने पकडलेल्या जीटीचा जागतिक विक्रम ७२.८ किलोचा, २००६ साली जपानमध्ये झालेला. आपल्याकडे त्याच्यासाठी जायचं ते अंदमानला. तिथे बहुतेक जण जाड रॉड आणि लाकडी पॉपर, म्हणजे पाण्यावर आवाज करत चालणारं नकली आमिष, घेऊन उतरतात. तेच काम फ्लाय रॉडवर, म्हणजे जाड लाइनच्या वजनाने केसा-धाग्यांचं हलकं आमिष (फ्लाय) फेकणाऱ्या लवचीक रॉडवर, करायचं तर पॉपर घरी बांधावा लागतो, आणि हाताला काही सवयी नव्याने लावाव्या लागतात.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. जीटी डोळ्याला दिसत असेल, उथळ वाळूवर फिरत असेल, तर पॉपर ही पहिली निवड नव्हे. तिथे पाण्याखालून चालणारी लांब केसांची फ्लाय जास्त मासे देते, कारण पॉपरवर झेप घेणारा मासा तोंडासमोरच्या पाण्याच्या लाटेने तोच पॉपर पुढे ढकलतो आणि बऱ्याचदा चुकतो. पॉपर कामाला येतो तो मासा दिसत नसताना: प्रवाळाची कड जिथे एकदम खोल पाण्यात उतरते, लाटा फुटून फेस होतो, पाणी हलतं असतं. खाली फिरणाऱ्या माशाला वर काहीतरी धडपडतंय हे आवाजाने कळवायचं, एवढंच त्याचं काम.

पॉपर बांधणे

गळ ६/० किंवा ८/० मापाचा, समुद्री वापराचा, जाड तारेचा. बांधायला घेण्याआधीच पक्कडीने त्याचा उलटा काटा दाबून सपाट करा. दाबताना गळ मोडलाच तर नुसता गळ जातो. पॉपर पूर्ण झाल्यावर मोडला तर तासाभराची मेहनत जाते.

डोक्यासाठी घट्ट ईव्हीए (रबरासारख्या प्लॅस्टिकच्या) फोमचा दंडगोल, २० मिलिमीटर व्यासाचा, ३० मिलिमीटर लांब. चपलेच्या तळव्याचा मऊ फोम नको, दोन-तीन माशांत तो दबून बसतो आणि तरंगणं कमी होतं. तोंडाच्या बाजूला साधारण ४ मिलिमीटर खोल वाटी कोरा. कोरायला छोट्या ड्रिलला लावायचा गोल दगड सगळ्यात बरा, ब्लेडने कडा फाटतात. वाटी उथळ राहिली तर पॉपर नुसता सरकतो, 'भप्प' असा आवाज येत नाही. जास्त खोल केली तर पाण्यातून उचलताना एवढं पाणी धरते की पुढचा कास्टच, म्हणजे लाइन फेकणंच, होत नाही.

आता भोक. तापवलेली दाभणासारखी जाड सुई दंडगोलातून आरपार घाला, पण मधोमध नाही. भोक पोटाच्या बाजूला, खालच्या कडेपासून ५ ते ६ मिलिमीटरवर हवं. मधोमध भोक पाडलं की फोम गळाच्या टोकाच्या फार जवळ येतो, टोकाला माशाच्या जबड्यात शिरायला जागा उरत नाही, आणि मासा पॉपर तोंडात घेऊन सुटून जातो. मासे लागून सुटत असतील तर सगळ्यात आधी हे भोक तपासा.

गळाच्या दांड्यावर जाड धाग्याचे वेढे डोळ्यापासून (दोरी बांधायच्या कडीपासून) वाकापर्यंत घट्ट घ्या. गुळगुळीत दांड्यावर फोम गोल फिरतो, म्हणून वेढे थोडे खडबडीतच राहू द्या. वाकाजवळ शेपटी: १० ते १२ सेंटीमीटर लांबीचे हरणाच्या शेपटीचे केस किंवा त्यासारखे कृत्रिम तंतू, आणि त्यांत चमकीचे आठ-दहा धागे. केस भरपूर घालण्याचा मोह होतो. तो आवरा. ओल्या केसांचं वजन कास्टमध्ये जाणवतं आणि मागचा भाग बुडून पॉपर उभा राहतो. शेपटीच्या पुढे केसांचा एक आखूड घेर बांधा, म्हणजे डोकं आणि शेपटी यांच्यात खाच दिसत नाही. मग डोळ्याकडून फोम सरकवा, आत दोन भागांचा इपॉक्सी भरा आणि रात्रभर सुकू द्या. नुसत्या सुपरग्लूवर विसंबू नका. तो ठिसूळ असतो आणि पॉपर पाण्यावर आपटून आपटून सुटतो.

दुसऱ्या दिवशी बादलीत पाणी घेऊन सोडून बघा. डोकं वर, शेपटी तिरकी खाली, वाटीची वरची कड पाण्याबाहेर आणि खालची कड पाण्यात, असं बसलं पाहिजे. पॉपर कुशीवर पडत असेल तर भोक डाव्या-उजव्या बाजूला सरकलंय. तो पॉपर सरळ बाजूला टाका, वजन लावून दुरुस्त करत बसू नका.

रॉड, दोरी आणि गाठी

रॉड ९ फुटी, १२ वेटचा (वेट म्हणजे रॉड किती जड लाइन फेकतो त्याचा आकडा). रील बंद ड्रॅगचं (ड्रॅग म्हणजे लाइन सुटताना तिला रोखणारा ब्रेक), मीठ आत शिरणार नाही असं, आणि त्यावर किमान २५०–३०० मीटर ८० पौंडी ब्रेडची, म्हणजे विणलेल्या दोरीची, बॅकिंग: फ्लाय लाइनच्या मागची राखीव दोरी. फ्लाय लाइन तरंगणारी, उष्ण पाण्यासाठी बनवलेली. थंड पाण्याची लाइन अंदमानच्या उन्हात शेवयांसारखी मऊ पडते आणि रॉडच्या कड्यांना चिकटते. लाइनचा आतला गाभा किती पौंडांचा आहे, म्हणजे किती ताणाला टिकतो, हे खोक्यावर वाचूनच घ्या. साध्या लाइनचा गाभा ३० पौंडांच्या आसपास असतो. मग तुमचा लीडर (लाइन आणि फ्लाय यांच्यामधली दोरी) १०० पौंडांचा असला तरी तुटणार ती लाइनच, आणि सगळीच्या सगळी माशाबरोबर जाणार.

लीडर एकाच जाडीचा, १०० ते १३० पौंडांचा, दोन ते सव्वादोन मीटर. पॉपरसाठी तो साध्या नायलॉन मोनोचाच (एकपदरी दोरीचाच) ठेवा. फ्लुरोकार्बनचा लीडर बुडतो आणि पॉपरचं तोंड खाली ओढतो. पॉपरला गाठ सैल फासाची, तीन वेढ्यांची, म्हणजे त्याचं डोकं मोकळं हलतं. एवढी जाड मोनो हाताने घट्ट बसत नाही. गाठ थुंकीने ओली करा, गळ बोटीच्या कडीत अडकवा, टोक पक्कडीत धरा आणि पूर्ण जोराने ओढा. पक्की बसली की एक बारीक 'टक्' जाणवतं. ते जाणवलं नाही तर गाठ मासा लागल्यावर बसेल, आणि बसता बसता सरकेल.

ड्रॅग अंदाजाने लावू नका. वजनाचा स्प्रिंगकाटा लीडरला अडकवा, रॉड सरळ काट्याकडे धरा आणि ६ किलोवर लाइन सुटेल असं बसवा. हाताला ते फारच जास्त वाटतं. पण प्रवाळाच्या कडेला जीटीला पहिल्या २० मीटरांत रोखलं नाही, तर एकविसाव्या मीटरला लाइन प्रवाळावर घासून कापलेली असते.

कुठे आणि कधी

पाणी वाहतं हवं. भरतीचा किंवा ओहोटीचा मधला टप्पा सर्वांत चांगला. पाणी थांबलं की मासाही थंडावतो. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, ओढ जोरदार असते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, तीच जागा रिकामी वाटते. पहाट आणि ढगाळ दुपार पॉपरला अनुकूल. कडक उन्हात, आरशासारख्या शांत पाण्यावर मोठा पॉपर आपटला तर मासा उलट बिचकतो.

बोटवाल्याला सांगायचं की बोट प्रवाळाच्या कडेला समांतर वाहू दे, साधारण २० मीटर अंतर ठेवून. फेस आणि निळं पाणी यांच्या सीमेवर पॉपर पडला पाहिजे. बाहेर पडण्याआधी मत्स्य विभागाचा परवाना आहे ना, आणि जागा महात्मा गांधी किंवा राणी झाँसी सागरी राष्ट्रीय उद्यानात किंवा आदिवासी राखीव क्षेत्रात येत नाही ना, हे बोटवाल्याकडून नक्की करून घ्या.

कास्ट, ओढ आणि मासा लागण्याचा क्षण

पॉपर वाऱ्याला अडतो, म्हणून ३० मीटरच्या कास्टच्या मागे लागू नका. १५ ते १८ मीटर पुरतं. लाइनचा हवेतला लूप (वळसा) थोडा मोठा ठेवा, नाहीतर जड गळ तुमच्याच मानेवर येतो. पॉपर पाण्यातून उचलण्याआधी लाइन पूर्ण सरळ करा आणि हळू उचला. बुडालेली वाटी झटक्यात उपटायला गेलात तर रॉड मोडू शकतो.

पॉपर पडला की रॉडचं टोक पाण्याला टेकवा, सरळ पॉपरच्या दिशेने. हालचाल रॉडने करायची नाही. डाव्या हाताने लाइन अर्धा मीटर एकदम ओढा. सुरुवात जोरात हवी, तरच वाटी पाणी फेकते. एक क्षण थांबा, पुन्हा ओढा. मागून लाटेचा फुगवटा येताना दिसला की पॉपर थांबवावासा वाटतो. नेमकं तेव्हा थांबायचं नसतं. रॉड काखेत घाला आणि दोन्ही हातांनी भराभर ओढा. पळणारं भक्ष्य अचानक उभं राहिलं की जीटी वळून जातो.

पाणी फुटतं, मासा तुटून पडतो आणि हात आपोआप वर जातो. जीटी गमावण्याचं पहिलं कारण हेच. रॉड उचलला की त्याचा बाक सगळा झटका गिळून टाकतो, आणि ६/० चा जाड गळ टणक जबड्यात शिरत नाही. रॉड खालीच ठेवा, ओढत राहा. नुसत्या आवाजावर काही करू नका. हाताला वजन लागेपर्यंत ओढा. वजन लागलं की त्याच दिशेने आणखी दोन-तीन जोरदार ओढी द्या. चुकलेला मासा पुष्कळदा लगेच परत येतो, पण पॉपर तेव्हा पाण्यात चालता असला तरच.

दुसरं कारण पायांत असतं. मासा लागल्यावर डेकवरची सैल लाइन क्षणात रॉडमधून जाते. ती पायाखाली, चपलेच्या पट्ट्यात किंवा रीलच्या मुठीत अडकली की काहीतरी तुटतं, कधी बोटाची कातडीही. अनवाणी उभे राहा, लाइन एका मोठ्या टबात गोळा करा, बोटांना कापडी आवरणं घाला. मासा पळत असताना नजर माशावर नाही, लाइनवर ठेवा.

लाइन रीलवर आली की रॉड ४५ अंशांच्या वर नेऊ नका. १२ वेटचा रॉड उभा धरला की वरचं टोक सगळं वजन घेतं आणि तिथेच मोडतं. रॉड आडवा धरून माशाच्या पळण्याच्या उलट दिशेने बाजूला खेचा. तोवर बोटवाला बोट प्रवाळापासून खोल पाण्याकडे काढत असला पाहिजे. हे मासा लागण्याआधीच ठरवून ठेवा, कारण नंतर ओरडून सांगायला सवड नसते.

आधी घराजवळ सराव

हे सगळं थेट अंदमानात शिकणं महाग पडतं. महाराष्ट्रातल्या तळ्यांत मरळ पृष्ठभागावर तशीच झडप घालते. ८ वेटचा रॉड, १/० गळ, १२ मिलिमीटरचं डोकं आणि शेवाळात अडकू नये म्हणून टोकासमोर जाड मोनोचा एक वाकवलेला तुकडा, एवढं पुरे. मरळीसाठी ओढ आखूड आणि थांबा लांब. रॉड न उचलता ओढूनच गळ लावायची सवय मात्र इथे पक्की होते. केशरी पिल्लांचा थवा पृष्ठभागावर दिसला तर तिथे पॉपर टाकू नका. खाली पालक मासे राखणीला असतात. ते गेले की थवा संपलाच.

माशाला सोडणे

जीटी सोडायचाच असतो. ओले हातमोजे घाला. एका हाताने शेपटीचा दांडा, दुसरा हात पोटाखाली. कल्ल्यात बोटं घालू नका, तोंडाला धरून उभा टांगू नका. मोठ्या माशाचे आतले अवयव स्वतःच्या वजनाने ताणले जातात. फोटो हवा तर मासा पाण्यातच धरा, आणि उचललाच तर श्वास रोखून; तुम्हाला श्वास हवासा वाटला की त्यालाही हवा आहे. सोडताना तोंड प्रवाहाकडे ठेवा. मासा मागे-पुढे ढकलायचा नाही, पाणी तोंडातून कल्ल्यांकडेच वाहू द्यायचं. शेपटीने तुमचा हात झटकला की तो तयार आहे.

मग पुढच्या कास्टआधी लीडरचा शेवटचा मीटरभर भाग ओठांतून ओढून बघा. बोटांना न कळलेला खरखरीतपणा ओठांना कळतो. जरा जरी लागला, तर तो भाग कापा आणि पॉपर नव्याने बांधा.