तहान उन्हाची की साखरेची? मधुमेहाच्या खुणा अशा ओळखा

एप्रिल-मेमध्ये नाशकात सगळ्यांनाच तहान लागते, त्यामुळे वाढलेल्या साखरेची तहानही उन्हाच्या नावावर खपून जाते. फरक लघवीत कळतो. उन्हाने अंगातलं पाणी कमी झालं की लघवी थोडी आणि गडद पिवळी होते. रक्तातली साखर साधारण 180 च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, पुढचे साखरेचे आकडेही याच मापात) वर गेली की मूत्रपिंडांना ती पूर्ण शोषून घेता येत नाही. ती लघवीत उतरते आणि सोबत पाणीही ओढून नेते. म्हणून लघवी भरपूर आणि फिकी होते, आणि कितीही पाणी प्यायलं तरी घशाला कोरड राहते. शंका असेल तर एक दिवस-रात्र लघवी मापाच्या भांड्यात मोजा. मोठ्या माणसाची 24 तासांत तीन लिटरच्या वर गेली तर डॉक्टरांना दाखवाच. वयस्कर पुरुष प्रोस्टेटमुळेही रात्री उठतात, पण तेव्हा लघवी थोडी थोडी आणि बारीक धारेने होते.

जेवण तेवढंच, भूक उलट वाढलेली, तरी पँट सैल होतेय? याचं कौतुक करू नका. साखर पेशींपर्यंत पोचवणारं इन्सुलिन कमी पडलं की ती रक्तातच राहते आणि शरीर चरबी व स्नायू जाळू लागतं. सततचा थकवाही त्यातलाच.

मानेवर किंवा काखेत काळपट, जाडसर, मखमलीसारखा पट्टा दिसला तर तो मळ समजून लिंबाने घासत बसू नका. इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याची ही खूण असते आणि ती साखर वाढण्याच्या बरीच आधीही दिसू शकते. जांघेतली किंवा गुप्तांगाची पुन्हा पुन्हा येणारी खाज लोक लाजेपोटी मेडिकलमधल्या मलमावर भागवतात. मलमाने तेवढ्यापुरतं बरं वाटतं. साखर तशीच राहिली तर खाज आणणारी बुरशी परत येते. अशा वेळी आधी साखर तपासा.

नजर कधी धूसर, कधी ठीक असेल तर नवा चष्मा करण्याआधी साखर बघा. साखर वरखाली झाली की डोळ्यातलं भिंग फुगतं आणि नंबर बदलतो.

पायांना रात्री मुंग्या येणं, जळजळणं, चप्पल पायातून निसटली तरी न कळणं, ही नस बधिर होत असल्याची लक्षणं. श्रावणात त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी करणाऱ्यांनी घरी आल्यावर आरशात तळवे पाहावेत. खडा रुतूनही दुखलं नसेल, तर ती काळजीची गोष्ट आहे.

लहान मुलांत मात्र सगळं काही आठवड्यांत घडतं. अंथरूण ओलं करणं बंद झालेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं, वाळलं, सारखं पाणी मागू लागलं तर त्याच दिवशी तपासणी हवी. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास किंवा तोंडाला पिकल्या फळासारखा वास असेल तर 108 ला फोन करा.

मोठ्यांत बऱ्याचदा वर्षानुवर्षे एकही लक्षण दिसत नाही. म्हणून वय 30 झालं असेल, घरात कुणाला मधुमेह असेल, किंवा कंबर पुरुषांत 90 आणि बायकांत 80 सेंटीमीटरच्या वर असेल तर काही होत नसतानाही तपासा. सरकारी आरोग्य केंद्रातही ही तपासणी होते. किमान आठ तास उपाशी राहा. पाणी चालेल, सकाळचा चहा नाही. आदल्या दिवसांत गोड सोडून ‘चांगला रिपोर्ट’ आणू नका, नेहमीसारखं जेवा. उपाशीपोटी 126 किंवा जास्त, अथवा एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी चाचणी) 6.5 टक्के किंवा जास्त म्हणजे मधुमेह. लक्षणं नसतील तर दुसऱ्या चाचणीने खात्री करतात. उपाशीपोटी 100 ते 125 ही काठावरची पातळी. लक्षणं असताना कधीही तपासलेली साखर 200 किंवा जास्त निघाली तरी मधुमेहच.

बोटाच्या थेंबावरचं यंत्र अंदाजापुरतं ठीक, निदान शिरेतल्या रक्तावर होतं. द्राक्षं हाताळून तसंच बोट टोचलं तर रसातली साखर आकडा भलताच फुगवते. साबणाने हात धुऊन कोरडे करा. रक्त कमी असेल किंवा सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) असेल तर एचबीए1सी फसवू शकतं. हे डॉक्टरांना आधी सांगा, म्हणजे ते उपाशीपोटीच्या आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेल्या तपासणीवर निर्णय घेतील.