परदेशी सेवेला निघताय? निरोप घेताना या चुका टाळा

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, मिशन समितीत मी बरीच वर्षं काम करते आहे. ख्रिस्ती सेवेसाठी परदेशी जाणाऱ्यांना आम्ही पाठवतो. व्हिसा, भाषेचं शिक्षण, लसी, विमा, पाठिंब्याचे पैसे या सगळ्याची यादी निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाकडे तयार असते. निरोपाची कुणाकडेच नसते. "शेवटच्या आठवड्यात भेटून घेऊ की सगळ्यांना," असं म्हणतात. मग वर्ष-दीड वर्षाने तिकडून फोन येतो, कामात मन लागत नाही म्हणतात, आणि थोडं खोलात गेलं की लक्षात येतं, हे दुखणं निघण्याआधीचंच आहे. त्याच त्या चुका पाहून जीव तुटतो, म्हणून लिहिते आहे.

आईवडिलांच्या रडण्याला बायबलच्या वचनाने उत्तर देणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते आणि सगळ्यात जास्त दिसतेही. आई रडायला लागली की मुलं घाईघाईने म्हणतात, "देवाने बोलावलंय ना, मग रडायचं कशाला?" किंवा, "स्वर्गात आपण एकत्रच असणार आहोत." यातलं काही खोटं नाही. पण त्या घटकेला ही वाक्यं समोरच्याचं तोंड बंद करतात, आणि आपली अस्वस्थता टाळायलाच ती बहुतेक वेळा वापरली जातात.

एका तरुण जोडप्याच्या पाठवणीच्या उपासनेत मी हजर होते. हस्तार्पण झालं, म्हणजे डोक्यावर हात ठेवून त्यांना सेवेसाठी नेमलं, प्रार्थना झाली, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या मुलाच्या आईला हुंदका आवरेना. मुलाच्या हातात माईक होता. त्याने तिच्याकडे बघत लूक ९:६२ वाचलं, नांगराला हात घातल्यावर मागे पाहणारा देवाच्या राज्याला योग्य नाही, हे वचन. मंडळीने मोठ्याने आमेन म्हटलं. आईने डोळे पुसले, रुमालाची नीट चार पदरी घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि ताठ बसली.

त्यानंतर ती त्याच्यासमोर कधी रडली नाही. फोनवर "आम्ही बरे आहोत, तुझं काम कसं चाललंय," यापलीकडे काही बोलायची नाही. पुढे वडिलांना हृदयविकाराचा झटका आला, आयसीयूत राहून ते घरी आले, तरी मुलाला पत्ता नव्हता. भलत्याच माणसाकडून त्याला कळलं. त्याने चिडून जाब विचारला तेव्हा आई म्हणाली, "तुला मागे बघायला लावायचं नव्हतं, म्हणून नाही कळवलं." हे मला सांगताना तो मुलगा मध्येच थांबला आणि बराच वेळ त्याला बोलताच येईना.

नांगराचं वचन सगळ्यांना पाठ असतं. पण १ राजे १९ मधला अलीशाही नांगरच हाकत होता. एलिया संदेष्ट्याने, माझ्यामागे ये या अर्थाने, अंगावर झगा टाकल्यावर तो म्हणाला, आधी आईवडिलांचं चुंबन घेऊन येतो. मग त्याने बैल कापले, औताच्या लाकडांवर मांस शिजवलं, लोकांना जेवू घातलं आणि मगच निघाला. प्रेषित पौलाचंही बघा. मिलेत इथे इफिसच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांनी त्याच्या गळ्यात पडून आक्रोश केला, कारण त्याचं तोंड पुन्हा दिसणार नाही असं तो म्हणाला होता. प्रेषितांची कृत्ये २० मध्ये त्याने त्यांना गप्प केल्याचं कुठेही नाही. पुढच्याच अध्यायात कैसरिया शहरात तो रडणाऱ्यांना विचारतो, रडून माझं हृदय का तोडता? लोक हे दरडावणं म्हणून वाचतात. मला तर ते वाचताना दिसतं की त्याचंही हृदय तुटत होतं, आणि ते त्याने चारचौघांत कबूल केलं.

मी निघणाऱ्यांना एवढंच करायला लावते: एक अख्खी संध्याकाळ फक्त आईवडिलांसाठी ठेवा. बायबल उघडू नका, फोन बंद ठेवा. विचारा, "आमच्या जाण्यातलं तुम्हाला सगळ्यात जड काय जातंय?" आणि मग गप्प बसा. उत्तर बहुधा तुम्हाला वाटतं ते नसतं. मुलांना वाटतं आई धोक्याला घाबरते आहे. आई म्हणते, नातवंडं मला ओळखणार नाहीत. वडील म्हणतात, माझ्या मातीला तू असशील का? अशा प्रश्नांवर ठरवता येतं, काही करता येतं. वचन सांगून गप्प केलेल्या माणसाचा प्रश्न मात्र कधी कळतच नाही.

आईवडील ख्रिस्ती विश्वासात नसतील तर आणखी जपा. त्यांच्या दृष्टीने मंडळीने त्यांचं लेकरू नेलेलं असतं. समजूत घालायला पास्टरना पाठवू नका, स्वतः जा, पुन्हा पुन्हा जा. आणि घरच्यांना ही बातमी मंडळीतल्या घोषणेतून कधीही कळता कामा नये. आधी घरात, मग वेदीवरून.

"व्हिडिओ कॉल आहे की!"

हल्ली हा सगळ्यात लाडका शॉर्टकट झाला आहे. रोज बोलणारच आहोत, मग निरोपाचं एवढं काय?

जुन्या मिशनऱ्यांना ही सोय नव्हती, त्यामुळे त्यांना खरं बोलावंच लागे. अमेरिकन मिशनरी अ‍ॅडोनिराम जडसनने १८१० साली अ‍ॅन हॅसल्टाइनच्या वडिलांना पत्र लिहून मागणी घातली, तेव्हा काहीही झाकलं नाही. मुलगी या जगात पुन्हा कदाचित दिसणार नाही, समुद्रप्रवासाचे धोके आहेत, परक्या हवेत हाल होतील, मरणही येईल, हे सगळं मांडून त्याने संमती विचारली. फेब्रुवारी १८१२ मध्ये दोघं अमेरिकेतल्या सेलम बंदरातून निघाली. अ‍ॅन मध्ये एकदा आजारपणामुळे अमेरिकेला जाऊन आली आणि १८२६ मध्ये ब्रह्मदेशात वारली. जडसनला मायदेश दिसला तो थेट १८४५ मध्ये. त्याच्याबरोबर सेलममध्ये मिशनरी म्हणून दीक्षा घेतलेला गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईला पोचला, अमेरिकन मराठी मिशनच्या पायाभरणीत त्याचा हात होता, आणि १८२६ मध्ये पटकीने तो इथेच गेला. परतलाच नाही.

आज कुणी असं कायमचं जात नाही, मान्य. दर काही वर्षांनी घरी येणं होतं. पण व्हिडिओ कॉलवर आजीच्या हाताला नातवाचा हात लागत नाही, आणि बहिणीच्या बाळंतपणात उशाशी बसता येत नाही. जे संपणार आहे ते संपतंय असं दोन्ही बाजूंनी तोंडाने म्हणायला हवं. ते न म्हणता गेलेली माणसं पहिल्या सहा महिन्यांत दिवसाचे तीन-तीन तास घरच्यांशी फोनवर असतात. शेजारच्यांशी बोलायला त्यांच्याकडे वेळ उरत नाही आणि भाषाही पुढे सरकत नाही. कॉलचा वार आणि वेळ निघण्याआधीच ठरवा, दोन्हीकडच्या घड्याळाप्रमाणे लिहून फ्रिजवर लावा.

भांडण तसंच ठेवून निघणं

"लांब गेल्यावर आपोआप निवळेल." नाही निवळत. जवळ असताना नकळत मिटणाऱ्या गोष्टी लांबून मिटत नाहीत. वाटणीवरून भावाशी धरलेला अबोला, मंडळीतल्या पुढाऱ्यांशी झालेली खडाजंगी, लग्नात न बोलावल्याचा राग, सगळं सामानाबरोबर जातं आणि तिथल्या सहकाऱ्यांवर निघतं. मत्तय ५:२३-२४ अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगतं. परदेशी सेवा हे मोठंच अर्पण आहे, मग हा क्रम तिला का लागू होऊ नये?

मिशनरी प्रशिक्षणात 'राफ्ट' नावाची चौकट शिकवतात. आधी समेट, मग आपल्यासाठी ज्यांनी केलं त्यांना तसं बोलून दाखवणं, मग प्रत्यक्ष निरोप, आणि शेवटी पुढच्या ठिकाणाचा विचार. घाईतली माणसं थेट चौथ्यावर उडी मारतात, कारण नवा देश म्हणजे उत्साह आणि समेट म्हणजे मान खाली घालणं. मी समेटाची नावं कागदावर लिहून घेते, आणि तारीख ठरेपर्यंत तो कागद माझ्याकडेच ठेवते. समोरचा बोलायला तयार नसेल तर एक पत्र लिहावं, त्यात स्वतःची बाजू मांडू नये. त्याने उत्तर दिलं नाही तरी तुमच्याकडून दार उघडं राहतं.

निरोपाच्या भेटीत पैशाचा विषय

पाठिंबा गोळा करणं यात लाजण्यासारखं काही नाही. पण ती भेट वेगळी, ही वेगळी. जुना मित्र गळ्यात पडून रडला आणि पाच मिनिटांत तुम्ही मासिक देणगीचा फॉर्म पुढे केलात, तर आधीची मिठी त्याला कशासाठी वाटेल? पैशाचं सगळं बोलणं निघण्याच्या किमान दोन महिने आधी आटपा. राहिलं तर राहू द्या, पत्राने करा.

सगळा निरोप विमानतळावर ढकलणं

शेवटची दहा मिनिटं तुमच्या हातात नसतात. एका कुटुंबाला सोडायला आम्ही गेलो होतो. बॅगेची मर्यादा २३ किलो आणि काटा त्याच्या पुढे. बाबा गुडघ्यावर बसून फरशीवर बॅगा उघडून पुस्तकं इकडची तिकडे करताहेत, आई पासपोर्ट शोधतेय, धाकटी झोपेने किरकिरतेय, आणि आजोबा नातीचा लाल स्वेटर हातात धरून उभे. "हा राहिला की," असं ते दोनदा म्हणाले. कुणाला ऐकूच गेलं नाही. मग रांग पुढे सरकली, सगळे हात हलवत आत गेले आणि स्वेटर आजोबांकडेच राहिला. वर्षभर आधीपासून ठरलेला प्रवास, आणि या माणसाला मुलाने डोळ्याला डोळा भिडवून एक वाक्य बोललेलं नव्हतं.

बॅगा तीन दिवस आधी बंद करा, वजन करा आणि पुन्हा उघडू नका. खरा निरोप घरी घ्या, एकेकट्याशी, बसून. विमानतळावर फार माणसं आणू नका. प्रेषितांची कृत्ये २१ मध्ये सोर या बंदराच्या शहरातले विश्वासणारे बायकामुलांसह पौलाला शहराबाहेर किनाऱ्यापर्यंत सोडायला आले, सगळ्यांनी गुडघे टेकून प्रार्थना केली, मग तो तारवात चढला आणि ते घरी परतले. इतकं सुटसुटीत जमतं, पण सामान आधी बांधलेलं असेल तरच.

मुलांना "तिकडे खूप मजा येणार" म्हणून गुंडाळणं

मोठ्यांनी देवाची हाक ऐकलेली असते. मुलांनी फक्त घर बदलल्याचं ऐकलेलं असतं. एका घरात मुलगा शाळेत असताना त्याचा कुत्रा दुसऱ्याकडे देऊन टाकला, रडारड नको म्हणून. तो मुलगा आज मोठा आहे, परदेशातलं बालपण छान गेलं असंही सांगतो, पण त्या दुपारबद्दल विचारलं की अजून त्याचा आवाज बदलतो.

मुलांना वेळेत सांगा, खरं सांगा. काय न्यायचं ते एका खोक्यापुरतं त्यांचं त्यांना ठरवू द्या, आणि ते खोकं वजनात बसत नसेल तर तुमची पुस्तकं काढा. शाळा, खेळायची जागा, स्वतःची खोली, पाळलेला प्राणी, सगळ्यांचा निरोप त्यांना घेऊ द्या. किशोरवयीन मुलं गप्प असली तर ती तयार आहेत असं समजू नका.

बाकी काही चुका थोडक्यात. "दोन वर्षांत नक्की येतो" असं वचन देऊ नका, ते तुमच्या हातात नसतं. शेवटच्या पंधरवड्यात रोज दोन-दोन जेवणावळी घेऊ नका. दमलेला माणूस कुणाचाच निरोप नीट घेत नाही. जिथे उघडपणे मिशनरी म्हणून जाता येत नाही अशा देशात निघाला असाल, तर पाठवणीचे फोटो देशाच्या नावासकट सोशल मीडियावर टाकू नका आणि मित्रांनाही तसं स्पष्ट सांगा. तिथल्या विश्वासणाऱ्यांना त्याचा त्रास होतो. मागे राहणाऱ्या जिवलग मैत्रिणीलाही विसरू नका. तिच्यासाठी कुणी पाठवणीची उपासना ठेवत नाही.

"आईबाबांना देव बघेल"

बघेलच. पण वधस्तंभावरून येशूने आपली आई एका शिष्याच्या हाती सोपवली, आणि त्या वेळेपासून त्या शिष्याने तिला आपल्या घरी ठेवून घेतलं. तुम्हीही नाव ठरवा. रात्री दोनला फोन आला तर कोण पोचेल? औषधांचे कागद, विमा, बँकेचं मुखत्यारपत्र कुणाकडे? भावाबहिणीवर हे सगळं पडणार असेल, तर ते गृहीत धरू नका, समोर बसून विचारा, आणि नाही म्हणायची मोकळीक ठेवा. कोणत्या आजारपणाला तुम्ही येणार, अंत्यविधीला येणं जमणार की नाही, हेही आईवडिलांशी बोलून आधीच ठरवा. मंडळीला किंवा संस्थेला ते लेखी कळवा, नाहीतर ऐन वेळी रजेवरून घोळ होतो. परतीच्या एका तिकिटाएवढे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, कितीही नड आली तरी त्याला हात लावू नका, आणि ते खातं कुठलं हे मागे राहणाऱ्या भावंडालाही सांगून ठेवा.